लच्छूभाईचा पट्टा आणि माझा गुडघा

ज्यांच्या गुडघ्यातली दोरी तुटली आहे, ऑपरेशन झालं आहे आणि जे आता पलंगावर पडून पंख्याची पाती मोजत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पाती तीनच असतात. मोजून झाली असतील तर पुढे वाचा.

मी पी.टी.ची शिक्षिका. शाळा बदलापुरात, कुळगावात, घर अंबरनाथला. 'तेज चल' आणि 'थम' करून गळा असा तयार झाला होता की मी मैदानावरून 'थम' ओरडले की पलीकडच्या रस्त्यावरचा टांग्याचा घोडासुद्धा विचारात पडायचा. शाळेच्या कितीतरी तुकड्या मी चालवल्या. छाती पुढे, नजर समोर, टाच आधी. आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, चाळिशी दाराशी आलेली असताना, मलाच चालायला शिकावं लागलं. तेही दोनदा. पहिल्यांदा जे शिकले ते चुकीचं होतं, आणि ते मी फार मन लावून शिकले.

सोनिवलीची पकड

स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात शिक्षिका विरुद्ध दहावीच्या मुली असा कबड्डीचा सामना ठेवायची टूम माझीच. बाकीच्या शिक्षिका पदर खोचून उभ्या राहिल्या त्या उभ्याच राहिल्या. लग्नात ग्रुप फोटोला राहतात तशा. मी पंजाबी ड्रेस घालून चढाईला गेले. दोन मुली बाद केल्या, हवेत हात उडवून प्रेक्षकांकडून टाळ्या घेतल्या, आणि तिथेच घात झाला.

संगीता म्हात्रे नावाची, सोनिवली गावची मुलगी कोपऱ्यात उभी होती. शेतावर काम करून मनगटं अशी झालेली की बैलाने ऐकावं. तिने माझा घोटा धरला. मी वळले. म्हणजे मी वळले, पाय वळला नाही. गुडघ्यातून जाड सुतळी तुटावी तसा आवाज आला. मुली 'बाई बाद! बाई बाद!' म्हणून नाचत होत्या आणि मी मातीत आडवी पडून अजून 'कबड्डी, कबड्डी' म्हणत होते. दम मी तोडला नव्हता, हे आजही सांगते.

दुसऱ्या दिवशी संगीताची आई तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट घेऊन घरी आली. दारातच रडायला लागली. 'बाय, माजे पोरीनी तुमचा पाय मोरला गो.'

'अहो, पकड एकदम बरोबर होती,' मी म्हटलं. 'मीच शिकवली आहे. तिला पैकीच्या पैकी मार्क दिलेत.'

एक्स-रे काढला. हाड शाबूत. सगळे खूश. मलम आलं, शेक आला, चोळणं आलं. सूज उतरली, मी शाळेत गेले. पण गुडघा आता दगाबाज झाला होता. सरळ चाललं की निमूट यायचा, वळलं की निसटायचा. एकदा भाजीवालीशी भाव करून, रागाने तोंड फिरवून निघाले आणि गुडघा मागेच राहिला. मी मेथीच्या ढिगावर बसले. ती मेथी घ्यावीच लागली.

टेबलाचा खण

उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात मुंबईचे सर्जन दर गुरुवारी यायचे. माझे मिस्टर, विलास, कारखान्यातून रजा टाकून बरोबर आले. ते कमी बोलतात. आमच्या घरात बोलण्याचं खातं माझ्याकडे आहे.

डॉक्टरांनी मला झोपवलं, गुडघा वाकवायला लावला आणि सरळ माझ्या पावलावर बसले. आमच्या यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग डॉक्टरांनी दोन्ही हातांनी पोटरी पुढे ओढली. माझी नडगी टेबलाचा खण उघडावा तशी पुढे सरकली. दुसरा पाय ओढला. तो बंद.

'हा खण उघडतो, तो उघडत नाही,' डॉक्टर म्हणाले. 'आतली दोरी तुटली आहे, बाई.'

'शिवता येईल ना?'

'शिवून उपयोग नसतो. दुसरीकडची पट्टी काढून नवी दोरी बसवावी लागते.'

'दुसरीकडची म्हणजे कुणाची?'

'तुमचीच.'

मला हायसं वाटलं, कारण तोवर मी यांच्या पायाकडे बघत होते.

हसण्यावारी नेलं खरं. पण मग मी विचारलं, 'मैदानावर कधी जाता येईल?' आणि डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, 'आधी चालायला तर लागा.' तो 'आधी' माझ्या पोटात जाऊन बसला. घरी येताना मी एकसारखी बडबडत होते. दुकानांच्या पाट्या वाचत होते, रिक्षावाल्याला त्याच्या बायकोची तब्येत विचारत होते. मी घाबरले की माझं असंच होतं. यांनी फक्त माझी पर्स स्वतःच्या मांडीवर घेतली.

वॉर्ड

ऑपरेशनचं मला काहीच आठवत नाही, तेव्हा शहाणपणा करत नाही. जाग आली तेव्हा मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर होतं आणि घशात वाळवंट. उलट्या इतक्या झाल्या की भुलीचं नाव काढलं तरी मळमळायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वॉर्डात दिवस फिनेलच्या वासाने सुरू व्हायचा. फरशी पुसणं, ताप बघणं, चहा, डॉक्टरांची फेरी, आणि मग नुसती पसरलेली दुपार. मला बसून राहायची सवय नाही. पलंगाची दांडी बोटांनी वाजव, उशी पालट, शेजारणीला तिच्या सुनेबद्दल बोलतं कर. प्लास्टरच्या आत खाज सुटायची ती वेगळीच. विणायच्या सुईने खाजवण्यात जे सुख आहे ते मी इथे वर्णन करत नाही, डॉक्टर रागावतात. शेवटी मी वॉर्डातल्या सगळ्या बायकांना पडल्यापडल्या हातांच्या कवायती द्यायला सुरुवात केली. सिस्टर कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'बाई, तुमच्या जिभेलापण प्लास्टर घालायला पाहिजे होतं.'

पहिल्यांदा उभं केलं त्या सकाळची मात्र गंमत नाही. पाय खाली सोडताच सगळं रक्त धावत तिकडे गेलं, पाय फुटतो की काय असं वाटलं. फरशी फार खोल दिसत होती. मी, जिने पोरींना भिंतीवरून उड्या मारायला लावल्या, ती रडले. आयाबाईने ते पाहिलं, पाठ फिरवली आणि आधीच नीट असलेली चादर नीट करत बसली. माझं आवरेपर्यंत करत बसली. तिचे उपकार मी विसरलेले नाही.

घरात

घरी आत्या. म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात आत्याच म्हणतात. त्यांनी पलंग दारासमोर ओढून घेतला, मला रस्ता दिसावा म्हणून. बुद्धविहारातल्या बायका भेटायला यायच्या आणि प्रत्येकीच्या मावशीचा किंवा जावेचा गुडघा कामातून गेलेला असायचा. 'ती मग कधी चाललीच नाही बघा,' असं सांगून चहा प्यायच्या. आत्या दारातून आवाज द्यायच्या, 'चांगलं काही असेल तर सांगा, नाहीतर बिस्किटं घेते परत.'

प्लास्टर कापलं तेव्हा आतून जे निघालं ते बघून मी डॉक्टरांना म्हटलं, 'हा माझा नाही. बदली झालाय.' मांडी वाळक्या दोडक्यासारखी. डॉक्टर म्हणाले, मांस परत येईल, पण चालताना दोन्ही बाजूंना बिजागऱ्या असलेला पट्टा लागेल. तसला पट्टा परदेशातून यायचा. किंमत ऐकून आम्ही दोघंही एकदम पंख्याकडे बघायला लागलो.

'उल्हासनगर कशाला आहे मग?' हे म्हणाले. वर्षाकाठी ते जी पाच-सहा वाक्यं मनापासून बोलतात त्यातलं हे एक.

लच्छूभाई

उल्हासनगरात कुठल्याही परदेशी मालाची हुबेहूब नक्कल मिळायची, आणि तिथल्या कॅम्प पाचमध्ये लच्छूभाईचं वर्कशॉप होतं. सुटकेसच्या कड्या, बक्कल, बिजागऱ्या. यांची त्याची जुनी ओळख. गोल चेहरा, पांढरा लेंगा, आणि कुठलीही वस्तू हातात आली की ती उलटी करून बघायची सवय. त्याच्या मेव्हण्याचं दुबईत गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तो पट्ट्यासकट उल्हासनगरला आला होता.

'साईं, सेंपल घर में है!' लच्छूभाई आनंदाने टेबलावर थाप मारून म्हणाला. 'बाई, ऐसा पट्टा बनाएगा, ओरिजनलवाला आके पूछेगा, हमारा कौनसा और तुम्हारा कौनसा.'

आणि खरंच बनवला. कापड तेच, चामडं तेच, शिलाई तीच. आतल्या बाजूला परदेशी अक्षरातलं लेबलसुद्धा शिवलं होतं, धुण्याच्या सूचनांसकट. एकच गोष्ट त्याने स्वतःच्या डोक्याने केली होती आणि ती त्याने मोठ्या अभिमानाने दाखवली. 'ओरिजनल में बिजागरी के पास छोटा स्क्रू था. स्क्रू क्या, आज है कल गिर जाएगा. मैंने उसी जगह रिबेट मार दिया, पक्की कील. अब बाप भी आएगा तो हिलनेवाला नहीं.'

मी टाळ्या वाजवल्या. अक्षरशः वाजवल्या.

टक्

पट्टा घातला आणि मी चालायला लागले. प्रत्येक पावलाला बिजागरी 'टक्' करायची. डॉक्टरांनी चालताना घाला सांगितलं होतं. मी बसताना, झोपताना, व्यायाम करतानाही घातला. शिस्त म्हणजे शिस्त.

आता चालण्याबद्दल थोडं सांगते, कारण तोवर मलाही माहीत नव्हतं. आपण पाऊल टाकतो तेव्हा टाच जमिनीला लागते त्या क्षणी गुडघा जवळजवळ सरळ असतो. मग तो किंचित लवतो, धक्का पोटात घेतो, पुन्हा ताठ होऊन अंगाचं वजन पलीकडे नेतो, आणि शेवटी अंगठा जमिनीला मागे ढकलतो. हे सगळं एका पावलात. गुडघा सरळच झाला नाही तर पाय आखूड पडतो. टाचेऐवजी चवडा आधी टेकतो, कंबर त्या बाजूला खाली जाते, खांदा तिच्या मागे जातो, आणि माणूस होडीत बसल्यासारखा हेलकावत चालतो.

मी तशी चालत होते. डाव्या चपलेचा पुढचा भाग झिजून गेला, टाच कोरी. कंबर ठणकायची. शाळेत हजर झाले तर पोरी लांबूनच 'टक्' ऐकून गप्प बसायच्या, तेवढाच फायदा. हेडमास्तर सर मऊ आवाजात म्हणाले, 'बाई, ग्रंथालय मोकळंच आहे. बसून काम.' मला पुस्तकं आवडतात, पण त्यांना धाववता येत नाही.

तपासणीच्या गुरुवारी डॉक्टर म्हणाले, 'पट्टा काढून बाहेर ठेवा आणि झोपा.' मी झोपले. माझा गुडघा पलंगापासून असा वर उभा होता की खालून मांजर गेलं असतं. डॉक्टरांनी वरून दाबलं. मी अशी ओरडले की बाहेर रांगेतली माणसं उठून उभी राहिली.

'सरळ होत नाहीये. व्यायाम करता?'

'सर, मी पी.टी. शिकवते.'

'मग?'

डॉक्टर यांच्याकडे वळून म्हणाले, 'पुढच्या महिन्यापर्यंत बघू. नाही झालं तर भूल देऊन जोर लावून सरळ करावा लागेल.'

'त्यात नवी दोरी तुटणार नाही ना?' मी विचारलं.

'सहसा नाही.'

'आणि तुटली तर?'

'मग पहिल्यापासून.'

दोन तोंडं, दोन दिशा

त्या महिन्यात आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी लग्नानंतर कधी झाली नव्हती. हे म्हणायचे, डॉक्टर सांगतात ते करून टाकू, एकदाचं मिटेल. मी म्हणायचे, पाय कुणाचा आहे? मला भुलीची भीती वाटत होती, पण त्याहून भीती त्या 'पहिल्यापासून'ची होती. पुन्हा प्लास्टर, पुन्हा वॉर्ड, पुन्हा ती खोल फरशी. घरात मला एका जागी चैन पडेना. टक्-टक् करत स्वयंपाकघरात जायचे, काय घ्यायला आले ते विसरायचे, टक्-टक् करत परत यायचे. आत्या म्हणायच्या, 'एकतर बस, नाहीतर उभी राहा. मला घड्याळात राहिल्यासारखं वाटतंय.'

एका संध्याकाळी मी पाय ताणत बसले होते, दात-ओठ खात. हे कामावरून आले, ते पाहून म्हणाले, 'शोभा, तू व्यायाम नीट करतेस ना नक्की?'

मला हे कुणी म्हणावं? मी हातातली वाटी आपटली. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. चाळीतल्या ज्येष्ठ मंडळींना अजून पाठ आहे. हे उठून बाहेर गेले आणि ओट्यावर बसले. आत्यांनी दोघांनाही जेवायला वाढलं, पण वेगवेगळ्या खोल्यांत, आणि स्वतः मधल्या दारात ताट घेऊन बसल्या. पुढे कित्येक दिवस आम्ही आत्यांच्या मार्फत बोलत होतो. 'तिला विचार, औषध घेतलं का.' 'त्यांना सांगा, घेतलं.' तपासणीचा दिवस जवळ येत चालला होता आणि गुडघा जिथे होता तिथेच होता.

एका ओळीत

त्यातच पट्ट्याचं एक बक्कल तुटलं. हे ड्युटीवर होते, शिवाय आमचा अबोला. मी आत्यांना घेऊन रिक्षाने कॅम्प पाचला गेले.

लच्छूभाई खुशीत होता. 'बाई, आपके पाँव से लक्ष्मी आई!' म्हणत त्याने भिंतीकडे हात केला. कुठल्याशा दुकानाने त्याला पट्ट्यांची ऑर्डर दिली होती. लाकडी फळीवर पट्टेच पट्टे ओळीने उभे होते, रिकामे, आत पाय नसलेले. आणि प्रत्येक पट्टा गुडघ्यात वाकलेला.

आत्यांनी चष्मा वर केला. 'हे सगळे बसायला निघालेत,' त्या म्हणाल्या, 'का उठायला?'

मी हसले. मग हसू थांबलं. आयुष्यभर मी मुलींच्या रांगा बघत आले आहे. संचलनात एखादीचा गुडघा वाकला तर ती मुलगी चुकलेली असते. सगळ्याच्या सगळ्या रांगेचा गुडघा सारखाच वाकला, तर शिकवणारा चुकलेला असतो.

'लच्छूभाई, यातला एक सरळ करून दाखवा.'

'सीधा?' त्याने एक उचलला, दोन्ही हातांनी ताणला. टक् झालं आणि पट्टा तिथेच अडला. त्याने अजून जोर लावला. मान लाल झाली. 'नहीं होगा, बाई. सेंपल में इतनाच था.'

'तुमच्या मेव्हण्याचा पाय सरळ होत होता?'

लच्छूभाई विचार करायला लागला. तोंड उघडं राहिलं. 'उसका डॉक्टर बोला था, शुरू में सीधा नहीं करने का. उसके लिए तो वो स्क्रू...' तो थांबला. मग त्याने पट्टा खाली ठेवला आणि दोन्ही हात डोक्याला लावले. 'साईं! वो स्क्रू बाद में खोलने का था!'

दुबईच्या डॉक्टरने मेव्हण्याच्या पायासाठी काही आठवडे घातलेला लगाम लच्छूभाईने रिबेट मारून जन्माचा केला होता, आणि तो मी उशीला डोकं टेकतानाही काढत नव्हते.

आत्या पुढे सरसावल्या. 'मेल्या, तुझ्या मेव्हण्याचा वाकडा पाय माझ्या सुनेला लावलास?'

'माँजी, कसम से, हम सेंपल के बाहर जाते ही नहीं!'

मी तिथेच स्टुलावर बसले आणि पट्टा काढला. समोरच्या खोक्यावर टाच ठेवली आणि गुडघा मोकळा सोडून दिला. आता खरी परीक्षा होती. कारण पट्टा काढूनही गुडघा तिथेच राहिला असता, तर मग दोष माझ्याच दोरीचा. वर्कशॉपमधलं मशीन कुणीतरी बंद केलं. गुडघा सावकाश, फार सावकाश खाली उतरला. थोडासाच. मग अडला. पण हे अडणं वेगळं होतं. आजवर भिंत होती. हे जाम झालेलं दार होतं. दार उघडता येतं.

मी हसत होते की रडत होते ते आत्यांना विचारा. लच्छूभाईने मात्र बसून न राहता कानस घेतली आणि ओळीतल्या पहिल्या पट्ट्याचा रिबेट घासायला सुरुवात केली. दुकानात पोचलेले पट्टेसुद्धा तो त्याच दिवशी स्वतः जाऊन परत घेऊन आला, हे त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

संध्याकाळी हे घरी आले. मी मधल्या दारातून नाही, थेट सांगितलं. यांनी पट्टा हातात घेतला आणि ताणायला लागले. ताणत राहिले. तळहात लाल झाले तरी सोडेनात. 'पट्ट्याची कल्पना माझी,' एवढंच म्हणाले. मी म्हटलं, 'टाळ्या मी वाजवल्या होत्या.' मिटलं.

वरवंटा

गुरुवारी डॉक्टरांनी पहिल्यांदाच पट्टा हातात घेऊन पाहिला. लेबल वाचलं. 'ही कंपनी कुठली?'

'कॅम्प पाच.'

ते आधी रागावले, मग खुर्चीत मागे रेलून हसले, मग पुन्हा गंभीर झाले. 'एक महिना देतो. हा घालू नका. रोज सरळ करा, पण झटके नकोत. वजन लावून, वेळ देऊन. झाला तर उत्तम. नाही झाला तर भूल.'

वजन म्हणून घरातला वरवंटा निवडला. मी पलंगावर पालथी पडायचे, गुडघ्यापासून पुढचा पाय कडेबाहेर सोडायचे, आणि आत्या फडक्यात बांधलेला वरवंटा घोट्याला लटकवायच्या. सुरुवातीला वाटतं, काही होत नाही. मग गुडघ्यामागची प्रत्येक शीर स्वतःचं नाव सांगायला लागते. मी उशीत तोंड खुपसून वीस जणांच्या वतीने शिव्या घालायचे. आत्या पाट्याशी खोळंबलेल्या असायच्या. 'आटप गं. मला चटणी वाटायची आहे.'

ज्यांना हे करायचं आहे त्यांना सांगते: रोज फरक दिसणार नाही. आठवड्याने दिसेल, तोही तुम्हाला नाही, दुसऱ्याला. माझ्या बाबतीत यांना दिसायचा. मी उताणी झाले की हे पलंगाशी डोकं टेकवून गुडघ्याखालच्या फटीतून पलीकडे बघायचे आणि म्हणायचे, 'गेल्या आठवड्यात खिडकी दिसत होती. आज नुसता गज दिसतोय.'

गुडघा उतरायला लागला, पण चाल काही बदलेना. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुखणं गेलं तरी लंगडणं राहतं. अंगाला त्याची सवय झालेली असते. सरळ होऊ शकणारा पायही मी वाकवूनच टाकत होते, जणू रिबेट आता डोक्यात मारला होता. म्हणून अंगणात मी स्वतःलाच शिकवायला घेतलं. मोठ्याने. 'टाच! गुडघा ताठ! वजन पुढे! अंगठा!' इतकं सावकाश की शेजारच्या कोंबड्या पुढे निघून जायच्या. हे डाव्या बाजूला खांदा देऊन चालायचे. सुरुवातीला प्रत्येक टाच टेकवताना वाटायचं, आता निसटणार, आता निसटणार. पाय पुरेसा बळकट होता. विश्वास अजून पाळण्यात होता. चालणं म्हणजे प्रत्येक पावलाला थोडा वेळ एकाच पायावर उभं राहणं, आणि ज्या पायाने दगा दिला त्याच्यावर उभं राहणं सोपं नाही. रागावून जमत नाही. दुर्लक्ष करूनही जमत नाही. त्याच्यावर भार टाकत राहावं लागतं आणि तो पेलला की दर वेळी आश्चर्य वाटून घ्यावं लागतं.

गुरुवार

शेवटच्या तपासणीला रांगेत बसले तेव्हा मी पुन्हा बडबडत होते. बाकावरच्या सगळ्यांचे आजार मला तोंडपाठ झाले होते. आत गेल्यावर डॉक्टरांनी झोपायला सांगितलं. मी झोपले, डोळे मिटले, पाय सोडून दिला.

डॉक्टरांनी गुडघ्याखाली तळहात सरकवायचा प्रयत्न केला. गेला नाही. बोटं सरकवून पाहिली. तीही नाहीत. मग त्यांनी पोटरी धरून ओढली. खण बंद होता. केसपेपरवर आधी लिहून ठेवलेली एक ओळ त्यांनी आडवी रेघ मारून खोडली.

'भूल नाही. जा आता.'

या क्षणासाठी मी एक छानसं भाषण तयार ठेवलं होतं. ते कुठे गेलं कुणास ठाऊक. मी फक्त 'बरं' म्हटलं आणि चपला पायात घातल्या.

व्हरांडा लांब होता, फरशी गुळगुळीत. मी चालायला लागले. टाच, ताठ, पुढे, अंगठा. उजवं पाऊल तसंच, डावं पाऊल तसंच. खांदे एका रेषेत. तरीही काहीतरी चुकत होतं, कडेला, डोळ्यांच्या कोपऱ्यात. काहीतरी वरखाली होत होतं. मी थांबले.

'अहो, जरा पुढे चालून दाखवा.'

'कशाला?'

'दाखवा तर.'

हे पुढे गेले. दर दुसऱ्या पावलाला यांचा उजवा खांदा खाली जात होता. कंबर तिकडे झुकत होती. पाय धडधाकट, दोरी शाबूत, आणि हा माणूस हेलकावत चालला होता.

'लंगडताय तुम्ही.'

'मी? छे!' ते वळून आले. लंगडतच आले. मग स्वतःच्या पायाकडे बघून ओशाळले. 'सवय लागली असेल. तू त्या बाजूला खाली जायचीस ना. तिथे खांदा हवा, नाहीतर पडशील असं वाटायचं.'

बोलण्याचं खातं माझ्याकडे आहे असं मघाशी म्हटलं. त्या वेळी ते बंद पडलं. मी यांचा हात माझ्या हातात घट्ट अडकवला आणि कानाशी हळूच म्हटलं, 'टाच आधी.' असं करत करत यांना सांभाळून रिक्षापर्यंत आणलं. रिक्षावाल्याने लगबगीने उतरून यांना आधार दिला आणि मला म्हणाला, 'सावकाश बसवा, ताई. ऑपरेशन झालेलं दिसतंय साहेबांचं.'

'हो ना,' मी म्हटलं. 'फार सोसलं त्यांनी.'